मेईअक्काची जागा

धुळे
११ जानेवारी १९८७

ती. मेईअक्का यांना शेवंताचा नमस्कार.

परदेशात घरचं पत्र आलं की मनात आधी नको ते येतं, म्हणून पहिल्यांदा हे लिहिते की बाबा ठीक आहेत. ऐंशी ओलांडली, हात कापतात, दवाखाना आता मुलगाच बघतो. पण सकाळी आग्रा रोडपर्यंत पायी जाऊन येतात.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची, वेनची बायको. आमचं लग्न झालं तेव्हा तुम्हाला टोरांटोला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी यावलकडची, केळीवाल्या तोताराम पाटलांची मुलगी. इथे मुलींच्या शाळेत मराठी शिकवते. सासरी आले तेव्हा मला अहिराणी येत नव्हती. ती मला बाबांनी शिकवली. चिनी सासऱ्याने लेवा पाटलांच्या मुलीला अहिराणी शिकवली असं सांगितलं की शाळेतल्या बाया अजून हसतात. तुमचा पत्ता कलकत्त्याच्या मामांनी दिला. मी लिहिते आहे हे बाबांना माहीत आहे. तुमच्या भावाला नाही.

लिहिण्याचं कारण सांगते. वाचनालयाच्या आवाराची कोर्टाकडे तोंड असलेली लांब भिंत तुम्हाला आठवत असेल. वाचनालयाचे अध्यक्ष आता बन्सीलाल वकील आहेत, ज्यांनी तुमची केस चालवली तेच. त्यांच्या मनात बरीच वर्षं होतं की त्या केसची आठवण गावात कुठेतरी राहावी. साक्रीकडचे उखर्डू सर म्हणून चित्रकलेचे शिक्षक आहेत. ते फुटक्या फरशा आणि कपबश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून चित्रं करतात. भिंत त्यांना दिली आहे.

केस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी मला जे सांगितलं गेलं ते लिहिते, चुकलं असेल तिथे दुरुस्त करा. बासष्टच्या लढाईनंतर कायदा आला, की ज्यांचे आईबाप चीनचे, ते इथे कितीही वर्षं राहिलेले असोत, परकेच. बाबांना धुळ्याची हद्द सोडायची बंदी झाली आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी लागली. जळगावचे बूटवाले काका, भुसावळचे आणि अमळनेरचे दातांचे डॉक्टर, सगळ्यांना तेच. चारही घरं एकमेकांची सोयरी, पण भेटायचं तर परवाना हवा आणि तो कधी मिळायचा नाही. मग चौघांनी मिळून कोर्टात अर्ज केला, की कायदा आम्हाला लावू नये. कोर्टाच्या तारखेसाठी मात्र परवाना द्यावाच लागे. त्यामुळे तारीख पडली की चारही घरं लेकराबाळांसकट कोर्टाच्या व्हरांड्यात जमायची. आई वाफवलेल्या करंज्यांचा डबा आणायच्या, जळगावचे काका भरीत आणि कळण्याच्या भाकरी. कारकूनसुद्धा येऊन खाऊन जायचे. केस पुढे ढकलली की मोठी माणसं तोंडं पाडायची आणि मनातून खूश व्हायची, कारण पुढची भेट ठरलेली. हे सांगताना बाबा अजून हसतात.

उखर्डू सर तो व्हरांडाच काढणार आहेत. डबे, सतरंजी, कडुनिंब, सगळी माणसं. आणि खांबाशी बसून, मांडीवर फळी घेऊन अर्ज लिहिणारी मुलगी, म्हणजे तुम्ही. चारही घरांचे सगळे अर्ज तुमच्या हातचे होते असं वकीलसाहेब सांगतात. सरांनी कोळशाने तुमची आकृती काढली, तेव्हा बाबा पुढे झाले आणि त्यांनी ती हाताने पुसली. कुणाला काही कळेना. मग ते म्हणाले, "तिले मी एकदाव न इचारता काढं. आते न इचारता कसं घालू?"

अक्का, ती शेवटची तारीख मला बाबांनी सांगितली आहे. सरकारी वकील म्हणाले, बाकीच्यांनी नावं मागे घेतली तर इथे जन्मलेल्या मुलांना मोकळं करतो. वेन इथे जन्मलेला. तुम्ही आईच्या कडेवर बसून आलेल्या. तुम्ही त्या दिवशी व्हरांड्यात नव्हतात, जळगावच्या अध्यापिका विद्यालयात प्रवेश मिळाला होता म्हणून परवाना मागायला कचेरीत बसला होतात. संध्याकाळी घरी आलात तेव्हा बाबांनी आपलं आणि तुमचं नाव मागे घेऊन सही केली होती. ते विद्यालय तुमच्या हातून गेलं ते गेलंच. त्यावर मी काही बोलणार नाही, माझा तो अधिकार नाही.

मला एवढंच विचारायचं आहे की भिंतीवर तुम्हाला घ्यावं का. हो असेल तर तेव्हाचा एखादा फोटो पाठवा, इथे एकही उरलेला नाही. नाही असेल तर तसं लिहा. उद्घाटन आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवलंत तर बरं.

आपली,
शेवंता


धुळे
२२ फेब्रुवारी १९८७

ती. मेईअक्का,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं नसेल असं धरून चालते आणि त्यातलं थोडक्यात पुन्हा सांगते. वाचनालयाच्या भिंतीवर कोर्टाचा व्हरांडा होतो आहे, तुमची आकृती घालावी का ते बाबांना तुमच्याकडून हवं आहे, आणि आखाजी १ मेला आहे.

काम पुढे गेलं आहे. उखर्डू सरांनी शाळाशाळांतून फुटक्या कपबश्या गोळा केल्या. माझ्या वर्गातल्या मुलींनी इतक्या आणल्या की काहींच्या घरी धड असलेल्याही फुटल्या असाव्यात. कडुनिंब झाला, हिरव्या बांगड्यांचा. आईंचा डबा झाला. बाबा रोज दुपारी तिथे खुर्ची टाकून बसतात आणि कोण कुठे बसायचं ते सांगतात. खांबाशी तेवढी जागा सिमेंटची राहिली आहे. सर म्हणतात, मधून काम सोडून पुढे जायचं म्हणजे जिवावर येतं.

गावात बोलणं सुरू झालं आहे. एका स्थानिक वर्तमानपत्राने बातमी दिली, मथळा असा की धुळ्यात चिन्यांचं स्मारक. तेवढाच मथळा वाचून लोक बोलतात. त्यात रेडिओवर रोज अरुणाचलच्या सीमेवरच्या बातम्या. तुमचा भाऊ सात वाजता रेडिओ लावतो आणि बातम्या संपेपर्यंत घास हातात धरून बसतो. आमच्या मुलींनी काही विचारलं तर त्यांना गप्प करतो. दवाखान्यावरची 'लिऊ' ही अक्षरं खरवडून काढावीत का, असं परवा मला विचारलं. मी म्हटलं, चाळीस वर्षं गाव लिऊ डॉक्टरकडे दात काढायला येतं, पाटी काढून काय लपणार. तो मला म्हणाला, तुला बासष्ट माहीत नाही.

ते खरंच आहे. मी तेव्हा यावलला शाळेत सैनिकांसाठी लोकरीचे मोजे विणत होते. आणि इथे अकरा वर्षांचा वेन दवाखान्याच्या फळीआडून रस्त्यावरची माणसं बघत होता.

काल वेन उखर्डू सरांकडे गेला आणि काम थांबवा म्हणाला. हात जोडून म्हणाला, भांडला नाही. सरांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी खुर्चीतून एवढंच सांगितलं की आज भरिताच्या वांग्याचा रंग बरोबर आलेला नाही, आणखी काळसर हवा.

मला दोन्ही बाजू कळतात, म्हणून रागावता येत नाही कुणावर. तुम्ही एक ओळ लिहिली असती तर बरं झालं असतं. तुमच्या 'नाही'नेसुद्धा बाबांच्या मनावरचं ओझं उतरेल.

घरी बाकी सगळं ठीक आहे.

शेवंता


धुळे
१९ मार्च १९८७

ती. मेईअक्का,

मागच्या पत्रात घरी सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

बाबांचा राहण्याचा परवाना दर वर्षी नवा होतो. पंचवीस वर्षांत कायद्याची धार कमी झाली, सोमवारची हजेरी गेली, पण बाबांसाठी परवाना राहिला आणि तो जानेवारीत होतो. या वर्षी तो झाला नाही. बातमी छापून आल्यावर वेन दोनदा कचेरीत गेला, दोन्ही वेळा 'विचाराधीन आहे' एवढंच सांगितलं. जुना परवाना संपला आहे, नवा हातात नाही. म्हणजे बाबा आज ज्या घरात झोपतात तिथे राहण्याची त्यांना परवानगी आहे की नाही हेच आम्हाला माहीत नाही. मी हे आधी लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाटलं असतं की मी भीती घालून तुमच्याकडून होकार काढते आहे.

आता दुसरं. गेल्या रविवारी सकाळी बाबा फिरायला गेले ते लवकर परत आले आणि ओट्यावर बसून राहिले. पाणी दिलं तर घेतलं नाही. मग म्हणाले, भिंतीवर डांबर आहे. आम्ही धावत गेलो. कुणीतरी बादलीभर डांबर फेकलं होतं. आईंचं तोंड, जळगावच्या काकांचा खांदा, अर्धी सतरंजी काळी झाली होती. पाचपंचवीस माणसं उभी होती. कुणी चुकचुकत होतं, पण एकही पुढे येत नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांचंही काय चुकलं, सीमेवरच्या बातम्या त्यांच्याही घरात लागतात.

बन्सीलाल वकील म्हणाले, तक्रार देऊ. बाबा नको म्हणाले. उखर्डू सरांनी रॉकेल आणि चिंध्या आणल्या आणि आम्ही पुसायला लागलो. सपाट तुकड्यांवरचं निघत होतं, सांध्यांत गेलेलं निघेना. तेवढ्यात तुमचा भाऊ आला. मला वाटलं आता म्हणेल, बघा, मी सांगत होतो. त्याच्या हातात दवाखान्यातली पेटी होती. तो आईंच्या तोंडासमोर खाली बसला, दातांवरचं किटण काढायची आकडी काढली आणि एकेका सांध्यातलं डांबर खरवडायला लागला. दुपारपर्यंत त्याने मान वर केली नाही. मध्येच एकदा मला म्हणाला, "आईचे डोळे असे नव्हते. जरा बारीक होते. सरांना सांग."

मग लोक आले. सगळे नाहीत, काहीजण. शेजारचा हिलाल शिंपी चिंध्या घेऊन आला. कोर्टातला एक म्हातारा पट्टेवाला आला, त्याने म्हणे त्या करंज्या खाल्लेल्या होत्या.

घरी आल्यावर मी वेनला सांगून टाकलं की मी तुम्हाला लिहिते आहे. त्याने विचारलं, तिने काही लिहिलं का? नाही म्हटल्यावर तोंड वळवलं. अक्का, तुम्ही गेलात तेव्हा वेन वीस वर्षांचा होता. जो कागद त्याला मोकळं करून गेला, त्यानेच तुम्हाला घराबाहेर काढलं, हे त्याला रोज ठाऊक असतं. तो ते कधी बोलत नाही. म्हणून मी लिहिते.

शेवंता


नरडाणा
९ एप्रिल १९८७

ती. मेईअक्का,

हे पत्र नरडाण्याहून टाकते आहे. शाळेतल्या बाईंच्या मुलाच्या लग्नाला आले आणि टपालपेटी दिसली. धुळ्यातून टाकायची भीती वाटते. का ते लिहिते.

बाबांना कचेरीत बोलावणं आलं. वकील आणि तुमचा भाऊ बरोबर गेले. अधिकारी तरुण आहे, नवीन आलेला, बोलायला चांगला. त्याने भिंतीचं विचारलं, की कुणाच्या सांगण्यावरून, कायद्याविरुद्ध काही लिहिणार का. वकिलांनी उत्तरं दिली. मग त्याने विचारलं, परदेशातून पत्रव्यवहार होतो का? बाबा म्हणाले, नाही. कुणी नातेवाईक बाहेर आहेत का? बाबा म्हणाले, "मन्ही पोर शे. ती माले पत्र धाडत नही." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं.

बाबा खोटं बोलले नाहीत. पण माझी पत्रं तर जातात. ती कुठे कुणी उघडली तर बाबांनी खोटं सांगितलं असं ठरेल का? हे मी कुणाला विचारू? वकीलसाहेबांना विचारलं, तर म्हणाले, सून नणंदेला पत्र लिहिते, यात काय गुन्हा. ते म्हणतात तसंच असेल. पण दारात सायकल थांबली की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते.

बाबांनी एक पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे. दोन धोतरं, एक स्वेटर, दात घासायचा ब्रश, चहाची पूड. मी विचारलं तर म्हणाले, आसामातल्या भावाला बासष्टात पोलिसांनी नेलं तेव्हा त्याला बरोबर काहीच घेता आलं नाही, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत थंडीत फार हाल झाले. आता तसं काही होत नाही हे त्यांनाही माहीत आहे. तरी पिशवी भरली.

आखाजी जवळ आली आहे. खांबाशी जागा तशीच आहे. उखर्डू सर विचारतात, तिथे झाडाची फांदी ओढून घेऊ का? बाबा हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

अक्का, तुम्हाला राग धरायचा असेल तर धरा. तो तुमचा आहे, मी कोण सोडा म्हणणार. पण नाही असेल तर नाही म्हणा. म्हाताऱ्या माणसाने अजून किती दिवस भिंतीकडे बघत बसायचं?

हे फार बोलले असेन. फाडत नाही, तसंच पाठवते.

शेवंता


धुळे
२४ एप्रिल १९८७

प्रिय मेईअक्का,

तुमच्या बाजूचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. इथे काय झालं ते तुम्हाला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

बुधवारी सकाळी वकीलसाहेबांकडून माणूस आला, की कॅनडाहून फोन आला होता, तासाभराने पुन्हा येणार आहे, डॉक्टरांना घेऊन या. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच, टॉवेल खांद्यावर, तसेच निघाले. रिक्षात मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला केला. वकीलसाहेबांच्या पुढच्या खोलीत फोनजवळ बसले. घंटी वाजल्यावर उचलेनात. शेवटी वकीलसाहेबांनी उचलून त्यांच्या कानाला लावला.

तुम्ही बोलत होतात तोवर बाबा फक्त हुंकार देत होते. मला तुमची भाषा कळत नाही. बाबा घरात ती बोलतच नाहीत, आई गेल्यापासून बोलायला कुणी उरलं नाही. मग ते बोलायला लागले आणि मला वाटलं, हा माणूस मी कधी पाहिलाच नाही. आवाज मोठा झाला, हात हलायला लागले. दोनदा अडले. शब्द सापडेना. तेव्हा मध्येच अहिराणी आली. "आते काय म्हनतस त्याले," असं म्हणाले आणि थांबले. पलीकडून तुम्ही तो शब्द दिला असावा, कारण ते एकदम हसले, आणि हसताहसता रडायला लागले. वेन दाराच्या चौकटीला धरून उभा होता. बाबांनी फोन त्याच्यापुढे धरला. तो 'मेई' एवढंच म्हणाला आणि फोन बाबांच्या हातात परत दिला. त्याला तुमच्यावर राग आहे असं वाटलं असेल तर तसं नाही.

घरी येताना बाबांनी सांगितलं. तुम्ही म्हणालात, पत्रं सगळी पोचली. तुम्ही तिथे म्हाताऱ्या चिनी माणसांचे अर्ज लिहून देता. पूर्वी त्या देशात येणाऱ्या चिन्यांकडून सरकार माणशी डोईपट्टी घ्यायचं, ती अन्यायाची होती हे सरकारने कबूल करावं म्हणून ते लोक आता भांडताहेत, आणि त्यांची कागदपत्रं तुम्ही बघता. बाबांनी हे मला तीनदा सांगितलं. "अजूनबी अर्जच लिखस," असं म्हणायचे आणि रस्त्याकडे बघायचे.

आणि भिंतीचं. फोटो पाठवणार नाही म्हणालात. फोटोवरून कुणी तुम्हाला बनवायचं नाही, तुम्ही स्वतः येऊन उखर्डू सरांसमोर बसणार, मग त्यांनी काय काढायचं ते काढावं. बाबांनी ते सरांना असं सांगितलं, "ती म्हनस, मी येसू, मंग लावा. तवलोंग जागा ऱ्हाऊ द्या."

त्याच दुपारी बाबा आपणहून कचेरीत गेले. मी बरोबर होते. त्या तरुण अधिकाऱ्यासमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, की मागच्या वेळी मी म्हणालो पोरगी पत्र पाठवत नाही, ते तेव्हा खरं होतं. आज तिचा फोन आला, तर तेही लिहून घ्या. अधिकाऱ्याने खुर्ची दिली आणि लिहून घेतलं. परवान्याचं काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

मला रात्री झोप लागत नाही, पण ते आधीसारखं भीतीचं नाही. तुम्ही येईपर्यंत काय काय व्हायचं ते मनात येत राहतं.

तुमची,
शेवंता


धुळे
४ मे १९८७

प्रिय मेईअक्का,

उद्घाटन झालं. वकीलसाहेबांनी दोन हवालदार मागितले होते, ते झाडाखाली बसून होते. गडबड काही झाली नाही. आखाजी असल्याने माहेरवाशिणी आलेल्या, कुणाच्या कुणाच्या अंगावर नवी लुगडी, मुलांच्या हातात आंबे, त्यामुळे उलट गर्दी झाली. माझे वडील तोताराम पाटील केळीचे घड घेऊन यावलहून आले. आमच्या लग्नाला ते आले नव्हते. त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला, दोघांत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. जळगावचे बूटवाले काका आता नाहीत, त्यांचा मुलगा आला आणि भिंतीवर भरीत वाढणारे आपले वडील बघून बराच वेळ तिथून हलला नाही.

खालच्या मजकुराचा शेवटपर्यंत घोळ होता. वाचनालयाच्या दोघा सभासदांना 'अन्याय' हा शब्द नको होता. वकीलसाहेबांनी तो ठेवला आणि त्याबदल्यात आपलं नाव काढलं. भिंतीवर असं आहे, की या व्हरांड्यात खानदेशातल्या चार चिनी घरांनी अन्यायाच्या कायद्याविरुद्ध अर्ज केला आणि ती माणसं इथे जेवली.

पडदा काढल्यावर लोकांना कडुनिंब आवडला, डबे आवडले. मग सगळ्यांचं लक्ष खांबाशी गेलं. तिथे नुसतं सिमेंट. कुणीतरी विचारलं, काम राहिलं का? पाहुण्यांची भाषणं व्हायची होती. बाबा खुर्चीवरून उठले. ते बोलणार हे कुणी ठरवलं नव्हतं. पंचवीस वर्षांत त्यांनी गावात चार माणसांसमोर तोंड उघडलं नव्हतं, दात दाखवा आणि चूळ भरा यापलीकडे. ते म्हणाले, "हाई जागा मन्ही पोरनी शे. मेईनी. बठ्ठा अर्ज तिनीच लिखात. आनि सही करताना तिलेच मी सोडी दिनं. ती येवाव शे."

तुम्ही येणार आहात असं सांगून बसले. कुणी टाळी वाजवली नाही. तशी ती वेळ नव्हती. मागून एक म्हातारी बाई पुढे आली आणि त्या सिमेंटला हळद-कुंकू लावून गेली. बाबांनी तिला ओळखलं नाही, मीही नाही.

परवाना परवा आला. या वेळी सहा महिन्यांचाच, वर्षाचा नाही. वेन म्हणतो, हा इशारा आहे. वकील म्हणतात, परवाना आला यातच समजा. मला ठरवता येत नाही. पण बाबांनी खाटेखालची पिशवी रिकामी केली. चहाची पूड डब्यात परत ओतताना मी पाहिलं.

आता तुमचं येण्याचं. तुम्ही फोनवर विचारलंत तसं वकीलसाहेबांनी सगळं बघितलं. पासपोर्ट कॅनडाचा असला तरी त्यात जन्माचं ठिकाण चीन आहे, त्यामुळे धुळ्याला यायची परवानगी व्हिसाबरोबरच मागा, नाहीतर मुंबईत अडवतील. तिथून रात्रीच्या गाडीने जळगाव. वेन स्टेशनवर असेल. तो तुम्हाला ओळखेल, तुम्ही त्याला ओळखाल का सांगता येत नाही, डोक्यावर केस राहिलेले नाहीत. जळगावहून बसने धुळे. पोचल्यावर लगेच ठाण्यात जाऊन नाव नोंदवावं लागतं, तो नियम आहे आणि तुमच्या बाबतीत पोलीस तो सोडणार नाहीत. तुम्हाला पुन्हा त्याच दारात जावं लागेल हे लिहिताना मला लाज वाटते. एकट्या जाणार नाही. मी येईन बरोबर.

काल जेवताना याचंच बोलणं निघालं. वेन म्हणाला, बसस्टँडवरून ठाणं वाटेतच आहे, आधी तिथे जाऊन सही करू, मग घरी, उगाच कुणाला बोट दाखवायला जागा नको. बाबांनी आजवर एक हजेरी चुकवलेली नाही. तापातसुद्धा वेनच्या खांद्यावर हात टाकून गेलेले आहेत. मला वाटलं ते मान हलवतील.

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "पह्यले घर. बाकी बठ्ठं मंग."

तुमची,
शेवंता